खोकणाऱ्या नळाचे गव्हर्नर

गारी भाजताना गप्प बसणारी बाई मा इक्वोला मुळीच आवडत नसे. इकोत इदाक गावात तिच्या छपराखाली मोठ्या लोखंडी कढया मांडलेल्या. त्यांत गारीसाठी कसाव्याच्या कंदाचा किसलेला चुरा परतत बायका दिवसभर बसत, आणि मा इक्वो गाणी रचत असे. कुणाचा नवरा सासुरवाडीला जाऊन पोटभर खाऊन आला, पाद्रीबाबा स्वतःच्याच प्रवचनात कसे डुलक्या घेत होते, अशी गाणी. ज्याच्यावर गाणं व्हायचं तो दोन दिवस फुरंगटून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच गुणगुणायचा.

गव्हर्नर न्सेमेके उसोरो मात्र फुरंगटले ते बरीच वर्षं. ते याच गावचे. सत्तेवर असताना भोंगे वाजवत गाड्यांचा ताफा घेऊन आले, चौकातल्या पितळी नळाची फीत कापली, नळ सोडला. पाणी आलं, फोटो निघाले. ताफ्याची धूळ खाली बसायच्या आत नळ घसा साफ केल्यासारखा दोनदा खोकला आणि कायमचा कोरडा पडला. मागे झुडपात टँकर उभा होता, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या दुपारी कढईवर गाणं तयार झालं:

‘नळाला आमच्या खोकला गं, वैद्याला कुणी बोलवा गं,
उसोरोसाहेब फीत कापून औषध द्यायला विसरले गं!’

बाजारातून ते गाणं शेजारच्या गावांत गेलं, लग्नांत वाजलं, रेडिओवर पोचलं. विरोधी पक्षाची माणसं मा इक्वोला न्यायला आली, “सभेत गा, नेसायला नवं कापड देतो” म्हणाली.

“माझी कढई चुलीवर आहे,” ती म्हणाली. “आणि तुमचा नळ कुठाय, तो आधी दाखवा.”

उसोरोंच्या दोन्ही मुदती संपल्या. त्यांनी रस्ते बांधले होते, एक चांगलं इस्पितळही उभं केलं होतं, पण राज्यभर नाव झालं ते खोकणाऱ्या नळाचंच. गावी परतल्यावर पहिल्या महिन्यात भेटायला रांग लागली. पुढे रांग नव्या गव्हर्नरांच्या दारी गेली आणि यांच्या दारी बायको, नात आणि एक म्हातारा कुत्रा उरला.

एके सकाळी ते पायीच छपराशी आले. कमरेला साधी लुंगी, हातात छत्री. बायकांचे हात थांबले.

“हलवा गं, करपेल!” मा इक्वो ओरडली. मग वडीलधाऱ्याला हाक मारावी तशी त्यांना म्हणाली, “या, एते. बसा. वाट चुकलात का?”

“मा इक्वो, माझी नात शाळेतून एक गाणं शिकून आली.”

“कुठलं?”

“तुमचंच. मला विचारते, आजोबा, हा गव्हर्नर कोण होता हो?”

कुणीतरी पदरात तोंड खुपसलं. मा इक्वोनं मोठ्या कष्टानं चेहरा सरळ ठेवला. “मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, होता कुणीतरी लठ्ठ माणूस.”

आता मात्र सगळं छप्पर हसलं. उसोरोही हसले, पण लगेच ओशाळून म्हणाले, “गाण्यातून तेवढं नाव काढा ना.”

“ते आता माझ्या हातात आहे होय? बारशालासुद्धा गातात लोक. नळ चालू करा, मग कुणालाच गायला मजा येणार नाही.”

“अहो, माझ्या तरी हातात आता काय आहे?”

“वेळ आहे की!” मा इक्वो म्हणाली.

पुढच्या सोमवारी दोघं भाड्याच्या टॅक्सीत दाटीवाटीनं बसून राजधानीच्या पाणी खात्यात गेली. खिडकीतल्या पोरीनं मान वर न करता विचारलं, “नाव?”

“न्सेमेके उसोरो.”

“काम काय करता?”

उसोरोंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मा इक्वोनं मागून सांगितलं, “माजी आहेत.”

“माजी काय?”

“माजी सगळंच, बाळ. लिही तू.”

बाकावर दुपार झाली. इंजिनियर साहेब बैठकीत होते, मग जेवायला गेले, मग पुन्हा बैठकीत. उसोरो छत्रीच्या मुठीकडे बघत बसले. एवढ्यात चहावाल्या बाईनं त्यांना निरखलं, आणि तिच्या तोंडून आपसूक ओळ निघाली, “नळाला आमच्या खोकला गं…” दोन कारकुनांनी सूर धरला. उसोरोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते उठून निघालेच होते, पण मा इक्वोनं त्यांचा सदरा धरला. “बसा. आणि म्हणा. दुसरी ओळ तुमचीच आहे.”

माजी गव्हर्नर खालच्या आवाजात, सूर सोडून, “उसोरोसाहेब फीत कापून…” म्हणू लागले. सगळं ऑफिस टाळ्या पिटू लागलं. गलका ऐकून इंजिनियर बाहेर आला आणि बघतच राहिला.

“तो नळ अजून कोरडाच आहे?” त्यानं विचारलं.

“तेच सांगायला सकाळपासून बसलोय, बाबा,” उसोरो म्हणाले.

हसतहसत निघालेलं काम झरझर पुढे सरकलं. माणसं आली, खणलं, तर नळाची पाइपलाइन सुरणाच्या वाफ्यात येऊन संपलेली. कुठल्याही विहिरीला ती कधी जोडलीच नव्हती. उसोरोंनी खड्ड्याच्या काठावरून वाकून पाइपचं टोक बघितलं. फीत कापताना पाइप कुठून येतो हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही, याची त्यांना खरीच लाज वाटली. मग लुंगी खोचून ते फावडं घेऊन खाली उतरले. मजुरांना त्यांचा अडथळाच जास्त झाला, पण कुणी त्यांना बाहेर काढलं नाही.

पाणी आलं. आधी लाल, मग गढूळ, मग स्वच्छ. त्या रात्री मा इक्वोनं अफांगच्या पाल्याच्या रश्शाचं मोठं पातेलं त्यांच्या घरी पाठवलं.

गाणं काही थांबलं नाही, पण हल्ली लोक ते उसोरोंना बघून हात हलवत म्हणतात. आणि त्यांच्या दारी पुन्हा माणसं यायला लागली आहेत. नदीपलीकडच्या बायका परवा मोडक्या पुलासाठी त्यांना ऑफिसात न्यायला आल्या. येताना आधी छपराशी थांबल्या, परवानगी मागायला.

“न्या की,” मा इक्वो कढई परतत म्हणाली. “बाकावर चांगले बसतात आता. फक्त जेवायच्या वेळेला घरी पोचवा, नाहीतर त्यांची बायको माझ्या नावानं बोंबलते.”