मुऱ्हाळ्याचं तोंड

धुळ्याच्या मोटरअड्ड्यावर मला सगळे ड्रायव्हर ओळखतात. मी मोठा माणूस आहे म्हणून नाही. मोटरीत पाय ठेवण्याआधी मी ड्रायव्हरच्या तोंडाशी नाक नेतो म्हणून.

परवा सुकदेव ड्रायव्हर भडकला. हातातली बिडी टाकून म्हणाला, “आबा, मी मोटर हाकाले ऊनू, का तुमनी पोर मांगाले?”

मागून एक पागोटेवाला बोलला, “बठा ना आबा! ड्रायव्हर पिना व्हई तर व्हई, मोटर थोडीच पेयेल शे?”

सगळी मोटर हसली. मीही हसलो. कारण पस्तीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोललो होतो. मोटरीच्या जागी बैल होते, एवढाच फरक.

तेव्हा मी, म्हणजे चुडामण, पंचविशीचा होतो. शिंदखेड्याजवळ आमचं गाव. मिशीला पीळ, कानात भिकबाळी, आणि आपल्यासारखा गाडी हाकणारा पंचक्रोशीत नाही ही पक्की समजूत. ही समजूत माझ्याखेरीज कुणाची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना सासरहून आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, तानूला आणायला मी निघालो. तिची लेक भिकू तीन महिन्यांची असताना ती सासरी गेली, त्यानंतर दोन आखाज्या कोरड्या गेल्या होत्या. एकदा सासू आजारी, एकदा घरात लग्न. यंदा सासूनं मोजून चार दिवस दिले होते. आईनं आठवडाभर आधीच निंबाला झोका बांधून ठेवला आणि त्यावर दुसऱ्या कुणाच्या पोरीला बसू देईना.

गाडीला नवे बैल होते. वीस दिवसांपूर्वीच घेतलेले, तेही तानूच्या गावचे. तिच्या सासरच्या भिंतीला भिंत लागून झिपरूचं घर, त्याच्या गोठ्यातले. मेहुण्यानं, अभिमननं मधे पडून ते मिळवून दिले.

सहा कोसांची वाट बैलांनी अशी कापली की मला कासरा हलवावा लागला नाही. फाटा आला की आपणहून वळत. मी मनात म्हणालो, चुडामण, हात आहे बाबा तुझा! वीस दिवसांत बैलांकडून वाट पाठ करून घेतलीस. बैल आपल्या घरी निघाले आहेत, हे शेंबड्या पोराला कळलं असतं.

सासरी मुऱ्हाळ्याचा थाट झाला. खापरावरची पुरणपोळी, वर तुपाची धार. जेवणं झाल्यावर अभिमन आणि झिपरू मला गोठ्याच्या मागे घेऊन गेले. मोहाची बाटली निघाली. मी म्हणालो, “नको, पहाटे गाडी हाकायचीय.”

“गाडी बैल हाकतस,” अभिमन म्हणाला. “तू नुसता बठस. पे भो!”

हे मला फार पटलं. आमच्याकडे सगळ्यांनाच पटायचं. बाजारहून येणाऱ्या निम्म्या गाड्यांत मालक आडवा असे, बैल मुकाट्यानं घरी आणत. बायका दार उघडत, नवऱ्याला उतरवून घेत, आणि बैलांना भाकरी देत. नवऱ्याला कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. बैल चुकला तर मात्र त्याला शिव्या.

पहाटे निघताना अंगात गारठा नको म्हणून अभिमननं आणखी एक पेला दिला. चैत्र संपत आलेला, गारठा कसला! पण मी घेतला. तानूनं गाडीत गोधडी अंथरली, भिकूला निजवलं. तिची सासू धुरपदाबाई दारात कंदील धरून उभी राहिली. मी उपरण्यानं नाक-तोंड गुंडाळून घेतलं. तानूला तरीही वास लागला. हळूच म्हणाली, “भाऊ, पिना का तू?”

“मी पिनू,” मी ऐटीत म्हणालो, “बैल थोडाच पेयेल शेतस?”

ती गाडीत चढून बसली. वाद घातला तर जाणं लांबलं असतं. रात्रभर ती जागीच होती, पहाटेपर्यंत भाकऱ्या भाजत, घरच्यांची चार दिवसांची सोय लावत. गाडीच्या छपराखाली लेकीला पोटाशी घेऊन तिनं डोळे मिटले. मीही मिटले. गाडी चालू लागली.

मला जाग आली ती चेहऱ्यावर ऊन आलं म्हणून. सूर्य कासराभर वर. गाडी उभी. बैल रवंथ करताहेत. समोर ओळखीचा गोठा, आणि त्यापलीकडे ओळखीचं दार. दारात धुरपदाबाई, हातात शेणाची पाटी.

“व माय!” ती म्हणाली, “एक घटकाम आखाजी व्हयी गयी का?”

झालं होतं ते असं. बैल रोजच्या सवयीनं झिपरूच्या शेतात गेले. कुणी औताला जुंपेना, म्हणून बाभळीखाली उभे राहिले. ऊन चढल्यावर गोठ्यात परतले. पाव कोस गेलो होतो, पाव कोस आलो होतो. बैल चुकलेच नव्हते. त्यांनी मालकाला घरी आणलं होतं, फक्त मालक जुना होता.

गल्ली गोळा झाली. झिपरू तर बैलांच्या गळ्याला हात घालून हसू लागला. अभिमनची मान मात्र वर येईना, बाटली त्याची होती.

धुरपदाबाई माझ्याजवळ आली आणि तिनं नाक मुरडलं. “मुऱ्हाळी तोंड वासीसन झोपेल शे! याना संगे मी सून धाडू? उतर तानू. पुढला साले पाहू.”

छपराखालून तानू उठून बसली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती नजर मला अजून सोसत नाही, म्हणून तिचं वर्णन करत नाही. मग ती उतरायच्या ऐवजी पुढे सरकली.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “तुम्हीन धाडं, मी निंघनू. मना पाय अजून जमिनले लागेल नई. मी माघारी ऊनूच नई.”

आमच्याकडे हे खरं मानतात. धाडलेली सून गाडीतून उतरली, उंबरा ओलांडला, की निरोप संपला. पुन्हा मागावा लागतो. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

“आनि गाडी कोन हाकी?”

“मी.”

“बाईमानूस?”

“मानूस पेयेल शे ना, आत्याबाई.”

तानूनं माझ्या हातातला कासरा ओढून घेतला. मी सोडला नाही असं मला सांगायला आवडलं असतं. पण हात लुळे होते. धुरपदाबाई आत गेली. वाटलं, दार लावणार. ती पाण्याची घागर घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर उपडी केली.

“जा,” ती सुनेला म्हणाली. “पन हाऊ मांगे बठी.”

बैल गोठा सोडीनात. झिपरू त्यांना शिवेपर्यंत सोडायला आला. पुढचे सहा कोस तानू धुरेवर, पदर खोचलेला, कासरा ताठ. मी मागे, छपराखाली, मांडीवर भिकू. वाटेतल्या गाड्यांमधले लोक वाकून वाकून पाहत, आणि भिकू माझ्या ओल्या मिशीला लोंबकळे.

दुपार कलता गावात शिरलो. निंबाखाली सगळा गाव. एकजण ओरडला, “चुडामण भो, मुऱ्हाळी तू शे का तानू?” हसून हसून लोक खाली बसले. बाईनं गाडी हाकली याचंच सगळ्यांना नवल. माझ्या पिण्याचं कुणालाच नाही. आई तर म्हणाली, “नवा बैलंस्ना काही भरोसा नई.”

तानू गाडीतून उडी मारून सरळ झोक्याकडे गेली. चार दिवसांतला अर्धा माझ्यापायी गेला होता. उरलेले साडेतीन तिनं झोका रिकामा राहू दिला नाही.

दुसऱ्या वर्षी मी आणायला गेलो तेव्हा ती उंबऱ्यावरच थांबली. “आ कर,” म्हणाली. माझ्या तोंडाचा वास घेतला आणि मग पाय गाडीत ठेवला. तेव्हापासून दर आखाजीला हेच. गल्लीतल्या बायाही बघायला यायच्या. पुढे त्या आपापल्या मुऱ्हाळ्यांना ‘आ’ करायला लावू लागल्या आणि बापे मला शिव्या घालू लागले.

आता धुरपदाबाई नाही. तानूच सासू झालीय आणि तिच्या सुनांचे भाऊ माझ्याहून जास्त घाबरतात. गेल्या साली मी मोटरीनं तिला आणायला गेलो. साठीला टेकलेला मी उंबऱ्यापुढे आ करून उभा. म्हटलं, “बाई, आता मी कुठे हाकतो? मोटरीनं आलोय.”

“मंग त्या ड्रायव्हरले बलाव,” ती म्हणाली.

म्हणून परवा मी सुकदेवपुढून हललो नाही. यंदाच्या आखाजीला आम्ही धुळ्यात मोटर बदलत होतो, आणि मागे तानू गाठोडं घेऊन उभी होती. मोटर खोळंबली, भोंगा वाजला, पागोटेवाला कुरकुरला. शेवटी सुकदेवनं वैतागून माझ्या नाकावर भला मोठा श्वास सोडला. बिडी होती, कांदा होता, बाकी काही नव्हतं.

मी वळून मान हलवली. तानूनं पाय आत ठेवला.