व्याही, बर्फ आणि वाया जाणारं पाणी

बर्फाच्या डोंगरावर माझा पाय पडला तो आमच्या व्याह्यांमुळे, हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मी त्यांच्याविषयी जे बोलणार आहे त्यावरून कुणाला ते खरं वाटायचं नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जगातल्या कुठल्याही पाण्याला या माणसानं सुखानं वाहू दिलेलं नाही. अमेरिकेत फ्रीमाँटला लेकीच्या घरी ते आणि मी एकाच उन्हाळ्यात राहायला होतो. मी नळाखाली तांदूळ धुवायला घेतले, की हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "विहीणबाई, विसर्ग कमी करा." शेजारच्या अमेरिकन बाईच्या हिरवळीवर सकाळी आपोआप कारंजी सुरू व्हायची, तर एक दिवस हे तिच्या दारात जाऊन उभे. काय बोलले देव जाणे, पण पुढे आम्ही दिसलो की ती गराजचं दार लावून घ्यायची. आंघोळीला कुणाला किती वेळ लागला हे त्यांना पाठ असायचं, आणि ते सांगायला त्यांना जेवणाचीच वेळ सापडायची.

मी सातवीतून शाळा सोडलेली. संगमनेरला वडिलांचं बर्फाचं दुकान होतं, भुशात ठेवलेल्या लाद्या फोडायला माणूस हवं होतं, ते माणूस मी झाले. त्यामुळे इंजिनिअरपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती, त्यातून ते मुलाकडचे. लग्नात त्यांच्या मंडळींचे, म्हणजे माझ्या विहिणीचे, आम्ही पाय धुतले ते पाणी गार होतं, एवढ्यावरून या गृहस्थांनी अख्खी पंगत अडवून धरली होती. अडवायची सवयच, दुसरं काय. विहीणबाई बिचाऱ्या "अहो, मला नाही लागलं गार" म्हणत होत्या, पण ऐकतो कोण. दोन वर्षांनी त्या वारल्या, आणि व्याह्यांचं बोलणं दुप्पट झालं. त्यांना गप्प बसवणारं घरात कुणी उरलं नाही.

अशा माणसाला घेऊन जावयानं अलास्काची क्रूझ काढली. आमचे हे म्हशी सोडून अमेरिकेला आलेच नव्हते, म्हणून मी एकटीच. व्याह्यांनी बॅगेत दडवलेली चहाची कॉइल जहाजावर चढतानाच काढून घेतली गेली. "जप्त नाही, जमा केलीय," असं ते भेटेल त्याला सांगत होते. जहाज बंदराला लागायचं त्या सकाळी ते धरणाच्या साइटवरची जुनी शिट्टी फुंकत. त्या शिट्टीनं आमचा जावई तेवढा उठायचा नाही, बाकी मजला उठायचा. पोहायच्या तलावाशी उभं राहून तो कुठं गळतोय हे एका वेटरला त्यांनी समजावलं, आणि तो बिचारा मान डोलवत दर खेपेला त्यांना एक सरबत आणून देत राहिला.

एका बंदरात उतरून हिमनदीवर पायी जायची सहल जावयानं ठरवली होती. नेमका आदल्या दिवशी लेकीच्या बाळाला ताप आला. लेक म्हणाली, "आई, मी थांबते, तू जा ना यार. तू कॅन्सल केलंस आणि पैसे बुडाले, तर बाबा त्या गाइडला जिवंत सोडायचे नाहीत." सासऱ्यांना ती बाबा म्हणते, आणि इकडे राहून आईलाही यार म्हणायला लागली आहे. मला जायचंच होतं. जन्मभर कारखान्यातला बर्फ फोडला, कुणी न करता झालेला बर्फ एकदा हातानं चाचपावा एवढंच मनात होतं. पण हे बोलून दाखवायची लाज वाटली, म्हणून "बघते, गुडघे काय म्हणतात" एवढंच बोलले.

लेकीची पँट, वर माझं पातळ खोचलेलं, डोक्यावर दिलेलं शिरस्त्राण, अशी मी निघाले. व्याह्यांनी शिरस्त्राणाखाली माकडटोपी घातली होती. जंगलातून, चिखलातून, दगडांवरून वाट. गाइड म्हणजे एक तरणी पोर, ती झाडांची माहिती सांगत होती आणि व्याही तिला कालव्यांची. दरीत वितळलेल्या बर्फाचं पाणी धो धो खाली जाताना दिसलं, तसे ते थांबले.

"हे सगळं सरळ समुद्रात? अडवलं नाही कुणी?"

"बाबा, प्लीज. हे फॉरेस्ट आहे, इथं काही बांधत नाहीत," जावई म्हणाला.

"दोन डोंगर आपण होऊन जवळ आलेत. भिंत मागतायत ते. बघवत नाही मला."

बर्फाच्या काठावर त्या पोरीनं सगळ्यांना बुटाखाली बांधायचे लोखंडी खिळ्यांचे पट्टे दिले. ते नीट बांधल्याशिवाय कुणी बर्फावर पाय ठेवायचा नाही, हा नियम मला जावयानं सांगितला आणि तो व्हिडिओ कॅमेरा घेऊन पुढे गेला. पट्टे कसे बांधायचे ते तिनं इंग्रजीत एकदा दाखवलं. मला काही उमगलं नाही, आणि पुन्हा विचारायचं कसं. पँट घट्ट, गुडघे वाकेनात. कसेबसे गुंडाळले, तर दुसऱ्या पावलाला पट्टा निसटून पडला. लोक पुढे निघाले. बर्फ हाताच्या अंतरावर होता. मी दगडावर टेकले आणि व्याह्यांना म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच बघते. दिसतंय की चांगलं."

ते माझ्याकडे नाही, पट्ट्याकडे बघत होते. "उलटा बांधलाय," म्हणाले, आणि हा मुलाकडचा माणूस, गार पाण्यावरून पंगत अडवणारा, चिखलात गुडघा टेकून खाली बसला आणि त्यानं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला.

मी पाय ओढायला लागले. "अहो, हे काय करता. माझ्या पायाला हात लावता? लोक काय म्हणतील."

"इथं लोक कुठे आहेत. अमेरिकन आहेत. हलू नका." पट्टे ओढून, पुन्हा तपासून ते उठले. "धरणाच्या भिंतीवरून खाली सोडायच्या मजुरांचे पट्टे मी स्वतः तपासायचो. चला. मी मागे आहे."

एरवी कुणाच्या मागे न चालणारा हा माणूस तिथून सगळी वाट माझ्या मागे चालला. आणि बोलत चालला, तेही सांगायला हवं.

मी बसून बर्फावर हात ठेवला. निळसर, खरबरीत.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या दुकानातल्यासारखाच."

"मग एवढं चालून काय मिळवलंत," ते म्हणाले. पण हसले. शेजारीच बर्फात कोरलेल्या पन्हळीतून पाणी पळत होतं. मला वाटलं, आता विसर्ग येणार. त्यांनी वाकून त्यात दोन बोटं बुडवली. मग म्हणाले, "आमच्या हिला हे फार गार लागलं असतं."

रात्री जहाजावर जेवताना त्यांनी गाइडच्या ढिसाळ नियोजनावर भाषण दिलं. पट्ट्यांबद्दल एक अक्षर नाही.

आता ते नागपूरला एकटेच असतात. फोन करून शेजाऱ्यांची टाकी रोज कशी भरून वाहते ते सांगतात, आणि मध्येच माझे गुडघे विचारतात. मी अजून नातवापायी फ्रीमाँटलाच आहे. पण घरी परतले, की त्यांना संगमनेरला आणायचं ठरवलंय. बंब पेटवीन, पाटावर बसवीन, आणि परातीत त्यांचे पाय मी आणि आमचे हे मिळून धुऊ, चांगल्या ऊन पाण्यानं. विसर्ग कमी करा म्हणाले, तरी दोन तांबे जास्तच ओतीन.