आप्पांना सांगायला कायतर द्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. घरातल्या एका खुर्चीवर कपडे साठत जातात ना, तसे ते साठतात. रोज एक पडतो, घडी घालायला कुणाला वेळ नसतो आणि एक दिवस बघावं तर खुर्चीच दिसेनाशी झालेली!

आमची खुर्ची म्हणजे निपाणी-बेळगाव बस. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. हायवेचं काम चालू आहे म्हणून डायव्हर्शनवर डायव्हर्शन. बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून पाय ठेवायला जागा नसते. कंडक्टर कन्नडमध्ये 'मुंदे होगी' म्हणतो, मराठीत 'पुढं सरका' म्हणतो, पण पुढे जागा कुठल्याच भाषेत नसते. कांबळे सर मला आणि भारतीला रोज ऐकवतात, "फुकट तुम्ही जाता आणि उभे आम्ही राहतो!"

आम्ही चौघं. मी बेळगावात एका लॅबमध्ये रक्त काढते. भारती खासबागकडच्या एका शाळेत शिकवते. कांबळे सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. आणि संजू वीज ऑफिसात तक्रारीचा फोन उचलतो, म्हणजे पगार घेऊन शिव्या खातो. चौघंही चाळिशीच्या पुढचे, चौघांचीही कंबर गेलेली.

संजूच्या वडिलांचं, आप्पांचं, निपाणीत टेलरिंगचं दुकान होतं. माणूस असा बोलका की लोक शिवलेली पँट न्यायला यायचे, तासभर गप्पा मारायचे आणि पँट तिथेच विसरून जायचे. गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय थोडे सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी रोज बोलत राहा. बोलणं परत येईलही, नाहीही. पण घर गप्प ठेवू नका."

संजूनं हे आम्हाला बसमध्ये सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

"मी काय बोलू वो, आक्का? आमच्या घरात बोलायचं काम आप्पांचं हुतं. आम्ही नुसतं ऐकायचो. दिवसभर फोनवर बोलून तोंड दुखतंय, घरात गेलं की शब्द फुटत न्हाय. तुम्हीच आप्पांना सांगायला कायतर द्या."

मग ठरलं. परतीच्या वाटेवर, निपाणी यायच्या आत, कुणीतरी संजूला एक किस्सा द्यायचा. तो घरी जाऊन आप्पांना सांगणार.

*

पहिला भारतीनं दिला.

आमच्याकडे गाडी स्टँडवर लागली की आधी खिडकीतून सामान सीटवर टाकायचं आणि मग धक्के खात दारातून चढायचं. रुमाल, टॉवेल, पेपर, काहीही चालतं. एकानं तर एकदा हेल्मेट टाकलं होतं. वस्तू पडली की सीट तुमची! हा कायदा कुठल्याही सरकारनं केलेला नाही, तरी कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांत पाळला जातो.

तर भारतीनं सकाळी घाईत खिडकीतून डब्याची पिशवी टाकली आणि दाराकडे धावली. ती दाराशी पोचते तोवर गाडी हललीसुद्धा. बोर्ड वाचला तर गाडी कोल्हापूरची! पिशवी खिडकीजवळची सीट धरून आरामात कोल्हापूरला गेली आणि भारती उभ्यानं उपाशी बेळगावला.

संध्याकाळी पिशवी निपाणीच्या कंट्रोलरच्या टेबलावर आलेली होती. आत डबा घासून, पुसून लख्ख. वर कंडक्टरचा निरोप, "मॅडमना सांगा, भेंडी झकास झालती. मीठ जरा कमी पडतंय."

आम्ही हसून हसून बेजार झालो. संजू घरी गेला, आप्पांच्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "भारती मॅडमचा डबा हरवला. मग गावला."

संपलं!

"अरे, आणि भेंडी? मीठ?" दुसऱ्या दिवशी भारती ओरडलीच त्याच्यावर.

"ते ऱ्हायलं," संजू म्हणाला. "लई दमलोतो."

आप्पांनी भिंतीकडून मानसुद्धा वळवली नव्हती.

*

मग माझी पाळी. माझ्या लॅबमध्ये सदलग्याची एक बाई आली. कागदावर नाव पुरुषाचं. मी म्हटलं, "पेशंट कुठे आहेत?"

"त्येंनी रानात गेल्यात. पाण्याची पाळी हाय. म्हणून मी आलो."

"अहो, पण शुगर त्यांची तपासायची आहे ना?"

"मग काय झालं? एका चुलीवरचं खातोय, एका कपातला च्या पितोय. त्येंची शुगर अन् माझी शुगर काय वेगळी असत्या व्हय?"

मी समजावलं, माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीनं समजावलं. बाई हात पुढे करून बसलेलीच. शेवटी म्हटलं, मावशी, आलाच आहात तर तुमची बघू. तपासली. मावशींची शुगर नवऱ्याच्या मागच्या रिपोर्टपेक्षा जास्त निघाली! मावशी घाबरल्या नाहीत, उलट खुशीत आल्या. "बघा! त्येंनी सारखं म्हणत हुते, आजारी मी हाय, आजारी मी हाय!"

संजूनं घरी सांगितलं, "आक्कांच्या लॅबमध्ये एका बाईला शुगर निघाली." त्याची बायको सुरेखा मला फोनवर म्हणाली, "आक्का, तुम्ही किस्सा देताय का बातम्या देताय?"

आप्पा भिंतीकडे.

*

संजूचा स्वतःचा किस्सा तर त्याला किस्सा वाटलाच नव्हता. सांगता सांगता जांभई दिली त्यानं.

खासबागच्या बाजूचे एक रिटायर्ड गृहस्थ वीज गेली की फोन करायचे. करेनात का, त्यासाठीच संजू तिथे बसलाय. पण मागच्या महिन्यात लाईन दुरुस्त झाली आणि वीज जायचीच बंद झाली. तरी एका दुपारी त्यांचा फोन.

संजू म्हणाला, "बोला, लाईट गेली काय?"

"न्हाय, न्हाय. लाईट हाय."

"मग?"

"लई दिवस गेली न्हाय, म्हणून म्हटलं विचारावं. तुम्ही बरं हाय न्हवं?"

आम्ही हसलो. कांबळे सरांनी विचारलं, "तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बरं हाय म्हटलं. दिवसभरात मला त्यांनी एकट्यानंच विचारलंतं."

*

कांबळे सरांच्या तासाला एक मुलगा पहिल्या बाकावर झोपतो. मागच्या बाकावर झोपणारे पुष्कळ, पण हा पहिल्या! सरांनी दोनदा उठवला, तिसऱ्यांदा घरचा नंबर मागून घेतला. संध्याकाळी मुलाच्या आईचाच फोन आला.

"सर, आमचं पोरगं तुमच्या तासाला झोपतंय म्हणं?"

सरांना वाटलं, आता माफी मागतील. ते मोठेपणानं म्हणाले, "काळजी करू नका, वय आहे त्याचं."

"न्हाय वो, काळजी न्हाय. पोरगं पहाटे दूध घालाय जातंय, घरात त्येला झोप मिळत न्हाय. तेवढ्या तासाला उठवू नका, एवढंच सांगाय फोन केला."

"मग तुम्ही काय करता आता?" मी विचारलं.

सर चष्मा पुसत म्हणाले, "काय करणार? त्या बाकाजवळ गेलो की आवाज कमी करतो."

*

मधे एक दिवस संजू परतीच्या गाडीत खांबाला धरून उभ्या उभ्या झोपला. आम्ही निपाणीला उतरलो, गर्दीत वाटलं की तोही उतरला. गाडी पुढे कोल्हापूरला जाणारी. त्याला जाग आली ती कागलला. तेवढ्यात सुरेखाचा फोन.

"कुठं हाय तुम्ही? आप्पांचं जेवण थांबलंय."

संजू इकडेतिकडे बघत म्हणाला, "महाराष्ट्रात."

त्या दिवशी आप्पांना किस्सा नाही. सुरेखानंच सांगितलं म्हणे, की तुमचा मुलगा राज्य सोडून गेलाय. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

*

आणि मग चिकोडी! हा तर आमचा हुकमी एक्का होता. आम्हाला खात्री होती की याच्यावर आप्पा हसणारच.

भारतीच्या शाळेतल्या एका शिक्षकांची आई वारली. रविवारी चौघं मिळून चिकोडीला भेटायला गेलो. अशा घरी कसं जायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतं. हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, मान खाली घालून गप्प बसायचं आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही. गल्लीत एका घरापुढे खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. आम्ही चपला काढून मान खाली घालून आत जाऊन बसलो. आठवडाभराच्या बसनं चेहरे तसेही सुतकीच होते, वेगळं काही करावं लागलं नाही.

घरमालक हात जोडून पुढे आले. "यावं, यावं. वाटच बघत हुतो."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. आम्ही माना हलवल्या. तेही बसले. थोड्या वेळानं बायकोला म्हणाले, "मंडळी लईच शांत हायत गं."

मग आतून एक मुलगी आली. नवी साडी, केसांत गजरा, हातात ट्रे. ट्रेमध्ये पोहे! मी भारतीला कोपरानं ढोसलं, पण भारती डोळे टिपण्यात गुंग. मुलीनं पहिली बशी संजूपुढे धरली. घरातली सगळी माणसं संजूकडे निरखून बघायला लागली. दोन पोरांचा बाप तो, खाली मान घालून बशी घेतली.

एवढ्यात कांबळे सरांना वाटलं की आपण वडीलधारे, काहीतरी बोललं पाहिजे. ते घरमालकांच्या खांद्यावर हात ठेवून जड आवाजात म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. आता धीर धरायचा."

घरमालक दचकले. एकदा मुलीकडे बघितलं, एकदा संजूकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आजून तर कायच झालेलं न्हाय की वो!"

शिक्षकांचं घर पलीकडच्या गल्लीत होतं. तिथे आम्ही खरंच मान वर केली नाही, कारण चौघांनाही हसू आवरत नव्हतं आणि आपल्याला हसू येतंय याची लाजही वाटत होती.

परतताना आम्ही संजूकडून पाठ करून घेतलं. खुर्च्या सांग, गजरा सांग, पोहे सांग, सरांचं वाक्य सांग! तो हो हो म्हणाला. घरी जाऊन म्हणाला, "रविवारी चिकोडीला गेलतो. घर चुकलं."

मग मीच सुरेखाला सगळं फोनवर सांगितलं आणि तिनं ते आप्पांना सांगितलं, चांगलं रंगवून. सांगताना ती स्वतःच इतकी हसली की दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. आप्पा हलले नाहीत.

*

त्यानंतर आमचा धीर सुटला. संजू आप्पांना डॉक्टरांना दाखवून आला होता. डॉक्टर म्हणाले, आता फार आशा धरू नका.

सोमवारी परतताना संजू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बास करूया की, आक्का. भिंतीला सांगितल्यासारखं हुतंय. त्येंच्यापतुर कायच पोचत न्हाय."

मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू का, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. रोज दमून यायचं आणि वर कुणासाठी तरी हसू शोधायचं, हेही एक कामच होऊन बसलं होतं.

कांबळे सर म्हणाले, "आज असेल तर सांगून टाक. उद्याचं उद्या बघू."

माझ्याकडे एक होता. सकाळी लॅबमध्ये एक म्हातारी रिपोर्ट न्यायला आलेली. रिपोर्ट घेतला, पिशवीत ठेवला आणि बाकावर बसून राहिली. मी विचारलं, "आज्जी, झालं की आता. कशासाठी थांबलाय?" तर म्हणाली, "काल एवढी नळी भरून रगात काढलंसा. तपासून उरलं असंल की. तेवढं परत घाला, मग जातो."

संजू तो घेऊन घरी गेला, आप्पांना सांगितला. नेहमीप्रमाणे काही झालं नाही.

मंगळवारी संकेश्वरच्या पुढे गाडी बंद पडली. उन्हात रस्त्याकडेला उभे राहिलो. मागून आलेल्या भरल्या गाडीत कसेबसे घुसलो आणि निपाणीपर्यंत एका पायावर आलो. कुणी किस्सा दिला नाही. संजूनं मागितलाही नाही. स्टँडवर चौघं चार दिशांना गेलो, एकमेकांना हातसुद्धा केला नाही.

बुधवारी सकाळी संजू गाडीत चढला. त्याच्यासाठी भारतीनं रुमाल टाकून सीट धरली होती, पण तो बसलाच नाही. आमच्यापुढे उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काहीही न गाळता सांगितलं.

"काल घरात गेलो. हातपाय धुतलं. सुरेखानं च्या दिला. कप घेऊन सवयीनं आप्पांच्या खाटेवर बसलो. डोक्यात कायच नव्हतं. तोंड आपलं आपणच चालू झालं. म्हटलं, आप्पा, आक्कांच्या लॅबमध्ये एक म्हातारा आलता. रिपोर्ट घेतला अन् बाकावर बसूनच ऱ्हायला. आक्का म्हणल्या, बाबा, कशासाठी थांबलाय..."

तो थांबला. कंडक्टर मागून पुढं सरका म्हणत होता. संजू सरकला नाही.

"मग?" कांबळे सर म्हणाले.

"मग भिंतीकडनं आवाज आला. जड हुता, पर कळला."

"काय म्हणाले?"

"म्हणले, काल म्हातारी हुती."