खंडेनवमीला सुतारांच्या दारी

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मी सुतारांची यादी करायला बसले. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली. आता पाऊस ओसरला की चार दिवस नुसतं लाकडाचं काम बघत हिंडायचं, असं ठरवलं होतं. मिरजेला तंबोरे करणारे, आष्ट्याला दारं-चौकटी करणारे एक म्हातारे मिस्त्री, मग साताऱ्याकडं लाकडी खेळणी करणारं एक जोडपं. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी कागदावर नकाशा काढला आणि वर ‘मोहीम’ असं लिहिलं. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणत्यात, आमच्यात बायकोनं बांधलंय," असं विश्रामबागेतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले.

बघणं हे निमित्त होतं. मला कुणीतरी रंधा मारायला शिकवावं, एवढंच खरं हवं होतं. साठीच्या बाईला कोण शिकवणार, म्हणून मी ते सुभेदारांनाही सांगितलं नव्हतं. फोनवर मात्र एकेकाला भंडावून सोडलं. तंबोऱ्याचा भोपळा किती दिवस वाळवता? सागवान ओलं आहे हे वासावरून कळतं का? गाठ आली की रंधा कुठल्या अंगानं मारायचा? सगळ्यांनी न कंटाळता उत्तरं दिली आणि येण्याचा दिवस सांगितला की प्रत्येकजण म्हणायचा, "या की!"

मिरजेच्या दुकानात पाऊल टाकलं आणि माझी चूक समोर दिसली. फळीवर पटाश्या, करवती, कानशी ओळीनं मांडलेल्या, त्यांच्यावर हळदकुंकू आणि झेंडू. खंडेनवमी! आज हत्याराला कोणी हात लावणार नव्हतं. पण येतो म्हणणाऱ्याला आमच्याकडं नको कोण म्हणतं? त्यांनी मला चहा-फराळालाच बोलावलं होतं.

"सुताराची लेक तू, आन् खंडेनवमी इसरलीस?" सुभेदार दुकानाबाहेर येऊन पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे वडील कराडजवळच्या खेड्यात सुतारच होते. खंडेनवमीला सगळी हत्यारं घासून-पुसून द्यायचं काम माझं. चालवायला शिकवलं ते भावाला.

तरी मिरजेची फेरी वाया गेली नाही. दुकानदारानं मला भोपळ्यांवर टिचक्या मारून ऐकू दिलं. नीट वाळलेला खणखणीत बोलतो, कच्चा असेल तर आवाज बसका येतो. मी मोजून अकरा भोपळ्यांवर टिचक्या मारल्या, शेवटी सुभेदारांनीच मला हाताला धरून गाडीत बसवलं.

आष्ट्याला मिस्त्रींच्या अंगणातही पूजा मांडलेली होती. त्यांनी खुर्च्या टाकल्या, सुनेनं चहा आणला. मी पुन्हा विचारत सुटले. एका रंध्याची मूठ एका बाजूला एवढी का झिजलीय, हा लहान रंधा कशाला, हा वाकडा कशाला. मिस्त्री सांगत होते. जे विचारायला आले होते ते तेवढं तोंडातून निघेना. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा लाकडाच्या भावावर घसरले.

मिस्त्री माझ्या कपाकडं बघत होते. म्हणाले, "डावखुऱ्या हाय व्हय तुमी?"

"हो. का हो?"

"मग शिकताना माझ्या शेजारी थांबू नगा, म्होरं थांबायचं. आरशात बघितल्यागत. उद्या दसरा हाय, परवा सकाळी सातला या."

"पण मी शिकायचं कुठं म्हटलं?"

"आवं, नुसतं बघाय आल्यालं माणूस तयार दार बघतंय. तुमी मगाधरनं मुठी बघताय."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. सुभेदारांना सगळा उलगडा तिथंच झाला. त्यांनी साताऱ्याचा बेत पुढं ढकलला आणि गाडी घराच्या वाटेला लावली. मग हळूच म्हणाले, "तुझ्या वडलांना डाव्या हाताला कसं शिकवायचं ते उमगलं नसंल."

असेलही. पण या परक्या माणसाला माझा हात आणि मनातली इच्छा ओळखायला एक कप चहा पुरला, आणि मी वडिलांच्या डोळ्यांपुढं वीस वर्षं वाढले. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. ते असते, तर गाडी वळवून आधी त्यांच्याच दारात न्यायला लावली असती.