बाळंतिणीच्या खोलीची तीन कोटेशनं

"बाबा, मी बाळंतपणाला येत नाही. इथेच मुंबईत करू. तिकडे मे महिन्यात फार उकडतं," असं मुलीने फोनवर सांगितलं. "बरं, तुला सोयीचं असेल तसं कर," एवढंच बोलून मी फोन ठेवला. बोललो शहाण्यासारखं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. 'आई असेपर्यंत माहेर' असं लोक सर्रास म्हणतात, बाप समोर बसलेला असला तरी म्हणतात. बाप म्हणजे जणू घराच्या जोत्यातला चिरा, आहे काय आणि नाही काय. मला या वाक्याची पहिल्यापासून चीड आहे. आता मुलगी आली नाही तर ते खरं ठरणार होतं आणि खोटं ठरवायला माझ्या हातात काही नव्हतं.

मग मी तिचा 'उकडतं' हा शब्द धरला. आई नाही यावर कुठल्या दुकानात इलाज मिळत नाही, उकाड्यावर मिळतो. मधल्या खोलीला एसी बसवायचा असं मी ठरवलं. ही तिच्या आईची खोली. बाकी घरावर कौलं आहेत, पण या खोलीवर फळ्यांचा माळा आहे, म्हणजे गारवा टिकण्याची थोडी तरी आशा.

दुसरा कोणी असता तर दुकानात जाऊन एसी घेऊन आला असता. मी सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत जन्म काढलेला माणूस. आमच्याकडे टाचण्यांची डबीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय आत येत नसे. तिन्ही सीलबंद, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता, आणि ज्याचा दर कमी त्याला काम. निवृत्त झालो तरी हात तसाच वळतो. आणखी एक खोड अशी, की फाइल पुरी झाल्याशिवाय वाच्यता करायची नाही. म्हणून मुलीला मी यातलं काही कळवलं नाही. मंजुरीआधी काम सुरू आहे असं कळवणं आमच्या नियमात बसत नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तोवर मालगुंडहून येऊन दाखल झालीही होती. बाळंतपणाला अजून अवकाश होता, पण तिने पिशवीतून ओवा, बाळंतशेपा, डिंक, धुरीचं सामान असं सगळं आणलं होतं. पोर येत नाही म्हणते, असं मी चाचरत सांगितलं.

"नाही येऊन जाते कुठे?" आक्का म्हणाली आणि शेगडी घासायला बसली. मुलीला आपण आल्याचं तिनेही कळवलं नाही. तिला मोबाइलचा कंटाळा.

पहिलं कोटेशन बाजारातल्या मोठ्या दुकानाचं. त्यांचा माणूस गळ्यात टाय लावून आला, त्या उन्हात त्याचीच मला दया आली. त्याने वर बघितलं, फळ्यांमधल्या फटी बघितल्या आणि आधी पीओपीचं छत करा म्हणाला. त्याच्या हिशेबात एसीपेक्षा छतच भारी पडत होतं. "हे सीलबंद पाकिटात पाठवा," असं मी सांगितल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. मी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन तो छापून घेतला, स्वतःच पाकिटात घातला आणि स्वतःच चिकटवला. आक्काने हे सगळं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

दुसरं हातखंब्याचं. हायवेलगतच्या दुकानात मी एसटीने गेलो. मालकाने मान वर न करता विचारलं, "किती बाय किती?" मी सांगितलं, त्याने दर सांगितला. दर ऐकून मी सुखावलो. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर तांब्याचा पाइप वेगळा, बाहेरच्या मशीनचा स्टँड वेगळा, स्टॅबिलायझर वेगळा, आणि चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायचं ते गिऱ्हाइकाने आपलं आपण पाडून ठेवायचं. तरीही नियमाप्रमाणे तेच सगळ्यात कमी होतं.

तिसऱ्याचा पत्ता लागेना. एक येतो म्हणून आला नाही, दुसऱ्याने सीझन आहे, जूनमध्ये बघू म्हणून सांगितलं. बाळंतपण काय जूनपर्यंत थांबणार होतं? दिवस चालले होते आणि मी दोन पाकिटं घेऊन बसलो होतो.

"मेल्या, तुझं तिसरं पाकीट येईपर्यंत नातवंड शाळेत जाईल," आक्का म्हणाली.

शेवटी आमच्या वायरमनने एक माणूस धाडला. खाडीपलीकडचा, गल्फमध्ये बरीच वर्षं एसीचंच काम करून परत आलेला. गडी बोलका, आणि आपली टिमकी वाजवायला कमी करत नव्हता. "तिकडे आम्ही उंटांच्या गोठ्याला एसी बसवलेत काका, तुमची खोली काय चीज आहे." मशीन समुद्राच्या अंगाला लावू नका, खारं वारं वर्षात खाऊन टाकतं, मागच्या फणसाच्या सावलीत लावू, असं त्याने सांगितलं. फळ्यांच्या फटी आतून प्लायने बंद करू, छताची गरज नाही, असंही म्हणाला. चहा घेता घेता त्याने विचारलं, "खोलीत माणसं किती झोपणार?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक बाळंतीण, एक बाळ, मी आणि शेगडी."

त्याने पेन खाली ठेवलं. "शेगडी कशाला?"

"शेकायला. न्हाणं झालं की शेक नको काय? आणि धुरी. दारं-खिडक्या लावून."

"अहो मावशी, एकीकडून तुम्ही खोली तापवणार, दुसरीकडून मी गार करणार. मग मशीनने काय करायचं?"

"मशीनने गप्प बसायचं. माझं आटपलं की मग बोलायचं."

"धुराने जाळी तुंबेल."

"तर धुवायची. बाळाचे लंगोट धुतात त्यात एक जाळी जड नाही. आणि वारा बाळंतिणीच्या अंगावर येता नये, आताच सांगून ठेवते. तुझ्या उंटांना चालत असेल."

"उंटांचं नाव काढू नका मावशी, ते तुमच्यापेक्षा ऐकतात."

मी सरकारी इसम, दोघांच्या मध्ये कागद धरून उभा. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तो रोज याच वेळेला येई, जेवलात का विचारायला.

"बाबा, कोण भांडतंय?"

"कोणी नाही. आक्का आणि एसीवाला."

"आत्या तिथे आहे? आणि एसी कसला?"

फाइल अर्धवट असताना सगळं सांगावं लागलं. एसी कुठे लागणार, कोटेशनं किती झाली, आक्का कधीची आली आहे, शेगडीचा वाद काय आहे.

"बाबा," ती म्हणाली, "मी उकडतं म्हणून 'नाही' म्हणत नव्हते हो."

"मग?"

"तुम्ही एकटे. डब्यावर जेवता. मी येऊन पडले तर तुम्हालाच धावाधाव. आणि त्या खोलीत... आई नसताना मला त्या खोलीत राहता येईल असं वाटत नाही. तुम्हाला हे कसं सांगणार? म्हणून उकाड्याचं नाव पुढे केलं."

इतके दिवस मी भलत्याच दुखण्याचे दर मागवत फिरत होतो, आणि खरं दुखणं तिचं नि माझं एकच निघालं. त्या खोलीत मीही दिवा लावण्यापुरताच जात होतो.

आक्काने माझ्या हातातून फोन काढून घेतला. मोबाइलवर ती नेहमी ओरडून बोलते, कारण मुंबई लांब आहे. "हे बघ गो बाय. तुझ्या आईला तरी कुठे आई होती? म्हणून तुझ्या वेळेला ती माहेरी न जाता इथेच बाळंत झाली. ह्याच खोलीत. तिला न्हाऊ मीच घातलं आणि तुलाही मीच. तेव्हा ती रडली नाही काय? रडली. मी म्हटलं, रड, मग उठून खीर खा. तूही येऊन रड. खीर मी करते. रडायला काय मुंबईच हवी?"

एसीवाला खिडकीकडे तोंड करून, कधीच मोजून झालेली भिंत पुन्हा मोजू लागला.

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मुलगी हसतही होती आणि नाक ओढतही होती. "घरात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "शेगडी आणि एसी, दोन्ही ठेवणार?"

"दोन्ही."

"मग बसवा. मी येते."

तिसरं कोटेशन पाकिटात गेलंच नाही. तुलनात्मक तक्ताही झाला नाही. दर हातखंब्याचा कमी होता, काम मी खाडीपलीकडच्याला दिलं, आणि कारण कुठे नोंदवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि आकाश काही कोसळलं नाही.

चिऱ्याला भोक पाडताना घरभर लाल धूळ झाली. आक्का दिवसभर पुसत होती आणि दिवसभर बोलत होती. मुलगी आली, दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि ती सरळ मधल्या खोलीत गेली. आतून रडण्याचा आवाज आला. मी उठलो तर आक्काने हाताने खूण केली, बस. थोड्या वेळाने आतून हाक आली, "बाबा, हा एसी चालू कसा करायचा?" रिमोट मी तिच्या आईच्या कपाटातल्या खणात जपून ठेवला होता.

वैशाखात नात झाली. मग त्या खोलीची वेळापत्रकं ठरली. सकाळी आक्काचं राज्य, न्हाणं, शेक, धुरी. मग खिडक्या उघडून धूर घालवायचा आणि दुपारी एसीचं राज्य, तेही तोंड वर करून, वारा अंगावर न येता. जाळी मी धूत असे. तरी एसी लावला की पहिली पाच मिनिटं खोलीत गार हवेबरोबर ओव्याचा वास यायचा. शेजारणी बाळ बघायला येत आणि हा वास घेऊन हसत. मला तो फार आवडायला लागला होता.

एका दुपारी, ऐन उन्हात, वीज गेली. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. नात किरकिरायला लागली. मी ओटीवर घाम पुसत मनात म्हणत होतो, आता गेली ही मुंबईला. त्यातच तिच्या सासूबाईंचा फोन आला. बाई चांगल्या आहेत, काळजीनेच विचारत होत्या. मला मुलीचा आवाज आतून नीट ऐकू येत होता.

"हो आई, लाइट गेलेत. उकडतंय, फारच उकडतंय. आत्या पंख्याने वारा घालतेय." मग पलीकडचं ऐकून घेऊन ती म्हणाली, "नाही, आताच नाही येत. सव्वा महिना तरी होऊ दे. माहेरी आलेय मी."