न पडलेला कौल

गावदेवीच्या दारात गेले तेव्हा मी रागावलेली होते. हे आधीच सांगते, कारण असे अनुभव सांगणारी माणसं बहुतेक भाविक असतात आणि मी तशी नव्हते. चोविसाव्या वर्षी माझ्या मानेत गाठ आली, ती लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची निघाली, आणि त्या दिवसापासून पनवेलच्या आमच्या घरात येणारा प्रत्येक जण "देव परीक्षा बघतो" असं सांगून, चहा पिऊन जात होता. मी कुणाला उलट बोलत नाही. गप्प बसते, आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. आत मात्र संताप संताप व्हायचा. कसली परीक्षा? मी कधी फॉर्म भरला होता?

आजार शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनचा रिपोर्ट घेऊन मी आणि आई डॉक्टरांकडे गेलो. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून डॉक्टर माझ्याशीच इंग्रजीत बोलले. आई शेजारी बसून आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. स्कॅनमध्ये मानेपलीकडे काहीच चमकलेलं नव्हतं, हाडांतही नाही. पण माझा आजार हळू वाढणाऱ्या प्रकारातला. असा आजार हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, थोडासाच पसरला असेल तर स्कॅनला दिसतोच असं नाही. म्हणून कमरेमागच्या हाडात सुई घालून तुकडा काढायचा आणि तपासायचा. तो स्वच्छ निघाला तर नुसतं मानेला रेडिएशन. नाही निघाला तर सगळ्या शरीराला पोचणारे उपचार. "आईंना समजावून सांगा," एवढं मराठीत म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर येताच आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"हाडांत काही नाही. स्कॅन स्वच्छ आहे."

खोटं नव्हतं ते. पुढचं वाक्य मी गिळलं. मला त्या सुईची भीती वाटत होती, आणि तिच्यातून काय बाहेर येईल याची त्याहून जास्त. रिक्षात आई डोळे पुसत हसत होती, आणि मी तिच्यावरच चिडले होते, की ही इतक्या सहज विश्वास कसा ठेवते. नंतर दोन आठवडे दवाखान्यातून आलेले फोन मी उचलले नाहीत.

आईने तेवढ्यात गव्हाणला जायचं ठरवलं. ते तिचं माहेर. देवीला नारळ द्यायचा आणि कौल घ्यायचा. म्हणजे पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी निमूटपणे गेले. देवळातल्या म्हाताऱ्या गुरवाने मला न्याहाळलं आणि आईला म्हणाला, "ही गो तुझी इंग्लिशवाली? बोलत नाय ती, का मराठी संपली तिची?"

"लाजते ती, काका," आई म्हणाली. माहेरी आली की तिची बोली आपोआप बदलते. हात जोडून तिने विचारलं, "आई, पोरीच्या हाडात काय नाय, फोटो साफ आलाय. आता ती बरी व्हनार ना?"

पाकळ्या हलल्या नाहीत. गुरवाने पंखा बंद करायला लावला. बराच वेळ गेला. त्याने पाकळ्या पुन्हा भिजवून लावल्या. मागे थांबलेली बाई पुटपुटली, "आमचा नंबर आज लागंल का उद्या?"

शेवटी गुरव म्हणाला, "देवी बोलत नाय. अर्धंच सांगितलंय तिला. अर्ध्याचा कौल ती देत नाय." माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं, तो तबक पुसत होता. पाकळी पडली नाही की कदाचित सगळ्यांनाच हे सांगत असेल. मला माहीत नाही. मला इतकंच कळलं, की एका शेंदूर लावलेल्या दगडाने मला चारचौघांत पकडलं होतं, आणि मला त्या दगडाचा भयंकर राग आला. त्या रागातच बोलून गेले, "एक तपासणी राहिली आहे. डॉक्टरांनी सांगितली होती. मी आईला सांगितलं नाही."

आई देवीला हात जोडून बाहेर आली. पायरीवर चपला घालताना म्हणाली, "मरताना तरी पुरं सांगशील, का तवाबी अर्धं?" आणि मग, "चल, रिक्षा बघ."

बायोप्सीच्या वेळी मी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. जागा बधिर केली होती, पण आतून मगज ओढतात तेव्हाची कळ बधिर होत नाही. कुणाचंही नाव घेतलं नाही. देवीला मनातल्या मनात मला येत असलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. त्या संपल्या तेव्हा अंगातला ताठा सैल पडला होता, आणि डॉक्टर म्हणाले, "आता बरोबर. अशाच राहा."

मॅरोत आजार निघाला. थोडाच, स्कॅनला न दिसण्याइतका. नुसतं रेडिएशन दिलं असतं तर मानेची गाठ गेली असती आणि आम्ही निश्चिंत बसलो असतो. हे डॉक्टरांनी या वेळी आईला मराठीत सांगितलं, कारण मी तसा हट्ट धरला. घरी येऊन मी पुन्हा देवीवरच भडकले. आईने मागितलं काय, आणि तिने दिलं काय. कृपा म्हणतात ती अशी असते, वाईट बातमी हातात ठेवून जाणारी, हे पटायला मला फार दिवस लागले.

सध्या उपचार चालू आहेत. तोंडाची चव गेली आहे आणि लोक अजून चहा प्यायला येतात. बरी होईन की नाही, हे मी देवीला विचारलेलं नाही, आईनेही पुन्हा कौल लावला नाही. सकाळी देवापुढे बसते तेव्हा आज काय दुखतंय, कुणाचा राग आलाय, कसली भीती वाटते, ते सगळं देवीला सांगते, तिच्यावरचा रागसुद्धा. राग धुऊन, स्वच्छ होऊन तिच्यापुढे यावं अशी तिची अट नव्हती. अट मीच घातली होती. शरण जाणं म्हणजे काय ते मला नीट ठाऊक नाही. मी गेले ती तोंड वाकडं करून, चिडून गेले. तिने तसंच आत घेतलं.