दादा चहा घेत नाहीत

चहाचा एक कप संपेपर्यंत समोरच्या माणसाला नाहीसं करण्याची विद्या जगात एकाच गृहस्थांना साधली होती, आणि ते माझ्या बायकोचे मामेभाऊ होते. जयपुरात आल्या आल्या हे मला कोणी सांगितलं नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. आदर्श नगरात एका मराठी घरी सत्यनारायण होता. ज्यांच्या शब्दावर मला पंख्यांच्या कारखान्यात नकाशे काढायची नोकरी मिळाली ते दादा, म्हणजे हेच मामेभाऊ, कोपऱ्यात बसले होते. जावईपणाच्या उत्साहात मी त्यांच्या हातात कप कोंबला आणि म्हटलं, घ्या हो, माझ्या हातचा घ्या. खोलीतलं बोलणं थांबलं. दादांनी निखारा ठेवावा तसा तो कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या हातचा नको, जावईबापू."

घरी परतताना एका सहकाऱ्याने उलगडा केला. मालकांना माणसं जास्त वाटू लागली होती. पण छाटणी म्हटलं की फाटकावर लाल झेंडे लागतात, म्हणून त्यांनी गोड वाट काढली होती: वय व्हायच्या आत जो आपणहून जाईल त्याला घसघशीत रक्कम. कामगार तिला 'राजीखुशी' म्हणत. "वर्माजी की राजीखुशी हो गई," हे ते अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडे जाई. आणि ही राजीखुशी घरोघर पोचवण्याचं काम दादांकडे होतं.

त्यांच्याइतका मायाळू माणूस मी पाहिलेला नाही, आणि खरी भीती तिथेच होती. बंद गळ्याचा कोट, अंगाला वाळ्याचं अत्तर, हातात घेवर मिठाईचा पुडा. उन्हं कलली की ते कुणाच्या तरी दारात उभे राहत. नोकरीचं अक्षर काढत नसत. गुडघे कसे आहेत, धाकटीचं कुठे जमलं का, गावाकडच्या विहिरीला पाणी आहे का, असं विचारत चहावर फुंकर घालत राहत. कप रिकामा झाला की बशीत उपडा घालून म्हणत, "अब थोड़ा छाँव में बैठिए." समोरचा माणूस मग स्वतःच उठून राजीनाम्यावर सहीसाठी पेन शोधायला जाई. एका फोरमनने शपथ घेतली होती की दादांना चहा म्हणून द्यायचा नाही. त्याने पाण्याचा गडवा पुढे केला. दादा पाणी प्याले, तारीफ केली आणि बसून राहिले. पण पाहुण्याला नुसत्या पाण्यावर कसं पाठवायचं? तिकडे मनुहार, म्हणजे पाहुण्याला आग्रह, हा धर्मच. शेवटी फोरमनच्याच बायकोला राहवेना. घूंघटाआडून तिने कप पुढे केला, वर "एक तो लेना ही पड़ेगा" म्हणून गळ घातली. महिन्याभरात त्या घराला कुलूप लागलं.

अशी कुलपं वाढत गेली. पाट्या काढलेल्या भिंतींवर फिकट चौकोन उरले आणि अंगणांत मोर येऊन बसू लागले. कारखान्यात यंत्रांना ग्रीस फासून वर गोणपाट टाकलं, तेव्हा आपण प्रेतांच्या रांगेतून डबा खायला चाललो आहोत असं मला वाटे. एका संध्याकाळी दादांबरोबर कारखान्याच्या कॉलनीतून फिरायला गेलो. प्रत्येक बंद दारापाशी थांबून ते हात जोडत, "राम राम, माथुरजी" म्हणत, उत्तर आल्यासारखे क्षणभर ऐकत आणि पुढे जात. एका दारापाशी जरा जास्तच थांबले. मला म्हणाले, "गुप्ताजींचा खोकला आज बराच कमी आहे, नाही?" गुप्ताजी केव्हाच अलवरला निघून गेले होते. मी धीटपणे "हो" म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, आत कोणीतरी खोकलं. पुढचा सगळा रस्ता मी दादांच्या कोटाचं टोक धरून चाललो.

हळूहळू नकाशांच्या खोलीत मी आणि एक छताचा पंखा एवढेच उरलो. मुलांच्या शाळा चालू होत्या, साठी फार लांब होती, आणि नकाशे काढण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. दादा आमच्याकडे नेहमी येत, पण चहा घेत नसत. तेवढ्या आधारावर मी रात्री झोपत होतो. आणि जेठातल्या एका दुपारी, बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत असताना, ते दारात उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "बबे, चहा टाक."

मी म्हटलं दूध नासलंय. बायको म्हणाली, आहे की. मी म्हटलं साखर संपलीय. ती म्हणाली, तुम्हीच तर काल आणलीत. मी टेबलावरचं पेन उचलून तांदळाच्या डब्यात खुपसलं. दादांनी माझे गुडघे विचारले, मुलांचं विचारलं. कपातला चहा खाली खाली जात होता. शेवटी त्यांनी कप उपडा घातला.

"आता थोडं सावलीत बसावं म्हणतो," ते म्हणाले. "मी."

मोठ्या साहेबांनी काल त्यांना घरी चहाला बोलावलं होतं म्हणे. समजूत घालावी अशी माणसं आता फारशी उरली नव्हती. "चहा फार छान होता हो," दादा म्हणाले. "कधी संपला, मलाच कळलं नाही." मग माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी सांगितलं की तुमच्या नकाशांच्या खोलीचं कोणी काही बोललेलं नाही, आणि उन्हात निघाले.

बायको त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. परत येऊन बराच वेळ पदराने तोंड पुसत बसली.

"उद्या पुन्हा चहाला या म्हटलं मी त्यांना," ती म्हणाली. "तर म्हणाले, 'एका घरी दुसऱ्यांदा चहा कसा घेतात गं, बबे? मला कधी जमलंच नाही.'"